डाग लपवायचा नाही, दाखवायचा

(तालुक्याच्या गावी भरलेल्या महिला आरोग्य शिबिरात आमच्या एका कार्यकर्तीनं केलेलं हे भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. शेवटी विचारलेले काही प्रश्नही दिले आहेत. – संपादक मंडळ)

सकाळी फळ्यावर विषय लिहिला, ‘स्तनाग्रांचं दुखणं आणि स्राव’, तेव्हा मागच्या दोन रांगांत खुसखुस झाली. एक ताई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “हे काय बाई लिहिलंय!” त्यांचं काही चुकलं नाही. हा शब्द पुस्तकातला. घरात आपण तो वापरत नाही. घरात कुणी बोंड म्हणतं, कुठं थान म्हणतात, आणि बहुतेक वेळा आपण काहीच म्हणत नाही. ‘इथं दुखतंय’ म्हणून हात दाखवतो, तोही पदराआडून. पाळीबद्दल बोलायला आपण शिकलो. अंगावरून पांढरं जातं हे सांगायलाही शिकलो. पण छातीतून पाणी येतं, बोंडाला चीर पडलीय, हे सांगायला अजून तोंड उघडत नाही. म्हणून आज मी ‘बोंड’ हाच शब्द वापरणार आहे. शब्द तोंडात बसला की दुखणं सांगता येतं.

मी डॉक्टर नाही. आरोग्याचं काम करत गावोगाव फिरणारी तुमच्यासारखीच एक कार्यकर्ती आहे. आणि आजची सुरुवात मी माझ्यापासूनच करणार आहे.

२०११ साल. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. एक दिवस कपडे धुताना बॉडीच्या डाव्या बाजूला आतून हरभऱ्याएवढा तपकिरी डाग दिसला. वाटलं, हुकाचा गंज लागला असेल. आठ दिवसांनी पुन्हा तिथंच डाग. मग कळलं, हे वाळलेलं रक्त आहे. दुखत काही नव्हतं. हाताला गाठ लागत नव्हती. मी काय केलं? आतून रुमालाची घडी ठेवली आणि कामाला लागले. डाग लपवायला आपल्याला कुणी नव्यानं शिकवावं लागत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षापासून तेच तर शिकलोय. कापड कसं धुवायचं, कुठं वाळत घालायचं, कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. तसा मी हाही डाग लपवला. सात महिने! आणि त्या सात महिन्यांत मी शिबिरांमधून ‘दुखणं अंगावर काढू नका’ असं बायकांना सांगत फिरत होते.

पुढं काय झालं ते सांगतेच. पण आधी आपल्या शरीराची थोडी ओळख करून घेऊ. कारण मी घाबरले ते न कळल्यामुळे.

स्तनाच्या आत दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे पंधरा ते वीस घोस असतात, द्राक्षाच्या घडासारखे. त्यांच्यातून नळ्या निघतात आणि बोंडापाशी येतात. बोंडावर एकच भोक नसतं, झारीच्या तोंडाला असतात तशी बारीक छिद्रं असतात. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे. बोंडाभोवतीच्या काळ्या भागावर बारीक उंचवटे असतात. ते पुरळ नाही. कातडी मऊ ठेवणाऱ्या तेलाच्या ग्रंथी आहेत त्या. त्यांना पिळायचं नाही. काही जणींची बोंडं जन्मापासूनच आत गेलेली असतात, त्यातही आजार नाही. मात्र आजवर बाहेर असलेलं बोंड नव्यानं आत ओढलं जायला लागलं, तर ते दाखवायचं.

आता दुखण्याकडे येऊ. सगळ्यात जास्त दुखतं ते बाळंतिणीला, आणि तिला सगळे सांगतात, “पहिलटकरणीला दुखायचंच, सोस.” पहिले काही दिवस थोडं हुळहुळतं, हे खरं. पण बाळ ओढायला लागलं की डोळ्यांत पाणी येतं आणि पाजून होईपर्यंत कळ थांबत नाही, हे काही बाईच्या नशिबी लिहिलेलं नाही. बहुतेक वेळा बाळाच्या तोंडात नुसतं बोंडाचं टोक गेलेलं असतं, आणि ते टोक चावल्यासारखं होऊन चिरतं. बाळाचं तोंड जांभईसारखं मोठं उघडू द्यायचं, मग त्याला छातीशी आणायचं. आपण त्याच्यावर वाकायचं नाही. बोंडाबरोबर खालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. दुखलं तर हिसकून काढायचं नाही. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. चिरलेल्या बोंडाला साबण लावायचा नाही. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब लावून वाऱ्यावर वाळू द्यायचा. चिरेतलं थोडं रक्त बाळाच्या पोटात गेलं तर त्याला अपाय होत नाही. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत दुधातच लालसर झाक दिसते, ती बहुधा आठवड्याभरात आपोआप जाते. नाही गेली तर दाखवायचं.

पाजून झाल्यावरही जाळल्यासारखी आग होत राहिली आणि बाळाच्या तोंडात न निघणारे पांढरे चट्टे असले, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर औषध आई आणि बाळ दोघांनाही घ्यावं लागतं. एकीलाच दिलं तर ते एकमेकांकडून फिरत राहतं.

आणि छातीचा एखादा भाग लाल, गरम, दगडासारखा होऊन थंडी-ताप आला तर? आपल्याकडे म्हणतात, थान भरलं, दुधाला दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतात. ओवाळा, माझी हरकत नाही. पण ओवाळल्यावर दवाखान्यात जा, त्याच दिवशी. हा स्तनाचा दाह असतो. बाळाला पाजणं बंद करायचं नाही, कारण दूध साठलं की दाह वाढतो. अशा दुधानं बाळ आजारी पडत नाही. उशीर केला तर आत पू होतो आणि तो काढावा लागतो.

एक गोष्ट बाळाबद्दल. नवजात बाळाची छाती, मुलगा असो की मुलगी, कधी कधी फुगते आणि तिच्यातून दुधाचा थेंबही येतो. पोटात असताना आईकडून मिळालेल्या संप्रेरकांचा तो परिणाम, काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. पण मालिशवाल्या मावशी तो पिळून काढतात. का, तर म्हणे मुलीची छाती पुढं वाढते, मुलाच्या छातीत दूध राहतं. यात काही तथ्य नाही. पिळण्यानं बाळाच्या छातीत पू झाल्याची उदाहरणं डॉक्टरांकडे येतात. मावशींशी भांडू नका, त्यांना आपल्या गटात बोलवा आणि समजावून सांगा.

पाजत नसलेल्या बायकांनाही दुखतं. पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही छात्या जड होतात, बोंडं हुळहुळतात आणि पाळी आली की बरं वाटतं. हा संप्रेरकांचा महिन्याचा फेरा आहे. पाळी चुकली आणि बोंडं दुखायला लागली तर दिवस गेलेत का ते पाहायचं. घट्ट बॉडी, नायलॉनचं कापड, उन्हात घामानं होणारं घर्षण, नवा साबण, यांनीही बोंडं सोलवटतात. थंडीत काही जणींची बोंडं पांढरी पडून कळ मारते, ऊब मिळाली की थांबते.

आणि एक कारण आहे, जे कोणत्याच दवाखान्यात बाई सांगत नाही. नवऱ्यानं चावल्याची जखम. आमच्या केंद्रात मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बायकांनी चौथ्या-पाचव्या भेटीत पदर बाजूला केलेला मी पाहिला आहे. ही ‘नवराबायकोमधली गोष्ट’ नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात लैंगिक छळ हाही हिंसाचारच धरला आहे. अशी जखम डॉक्टरांना दाखवा, कशी झाली ते सांगा, आणि केसपेपरवर लिहून घ्या. तो कागद पुढं उपयोगी पडतो.

आता स्राव. पाजत नसताना बोंडातून काही येतं म्हटलं की आपल्या मनात एकच शब्द येतो, कॅन्सर. आणि तो शब्द आला की आपण तोंड मिटून घेतो. पण बहुतेक जणींना कॅन्सर नसतो. घाबरण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा. लिहून घ्या हवं तर.

पहिला प्रश्न, आपोआप येतं की पिळल्यावर? पिळलं की पुष्कळ निरोगी बायकांना एखाद-दुसरा थेंब येतो. आपोआप येऊन कपड्याला डाग पडत असेल तर ते महत्त्वाचं.

दुसरा, दोन्हीकडून की एकीकडून? दोन्हीकडून येत असेल तर कारण बहुधा शरीरातल्या संप्रेरकांत असतं. एकीकडूनच येत असेल तर त्या स्तनातच काही आहे का ते पाहावं लागतं.

तिसरा, झारीच्या अनेक छिद्रांतून की एकाच छिद्रातून? दर वेळी त्याच एका छिद्रातून येत असेल तर त्या एका नळीत काहीतरी आहे.

चौथा, रंग कोणता? दुधासारखा पांढरा, हिरवट, पिवळसर, चिकट असा अनेक छिद्रांतून येणारा स्राव बहुधा साधा असतो. चाळिशी-पन्नाशीच्या आसपास नळ्या रुंद होतात आणि त्यांत साठलेलं असं बाहेर येतं. रक्ताचा लाल, तपकिरी, काळसर रंग किंवा पाण्यासारखा नितळ स्राव, हा दाखवायचाच.

म्हणजे आपोआप, एकीकडून, एकाच छिद्रातून, आणि रक्ताचा किंवा पाण्यासारखा, यातलं जितकं जास्त जुळेल तितकी घाई करायची. याचा अर्थ कॅन्सर आहे असा नाही. याचा अर्थ तपासल्याशिवाय सोडायचं नाही, एवढाच.

पांढऱ्या दुधाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण त्यात बायकांची फार बदनामी होते. दूध तोडल्यावरही काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं थेंब येत राहतो, त्यात वावगं नाही. पण मूल नसताना दूध आलं तर? आमच्या गटातली एक मुलगी, बावीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. तिच्या दोन्ही छात्यांतून दूध यायला लागलं. आईनं आधी दार लावलं आणि विचारलं, “कुणाचं?” मुलगी रडून रडून अर्धी झाली. शेवटी आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गरोदरपणाची तपासणी केली. ती करावीच लागते, त्यात कुणी अपमान मानू नये. ती नव्हतीच. मग डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या कोणत्या घेतेस?” मुलीनं पर्समधून पाकीट काढलं. ॲसिडिटीची गोळी! परीक्षेच्या जागरणांत पित्त व्हायचं म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेली, तीन महिने रोज घेत होती.

मैत्रिणींनो, आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या पित्ताच्या कित्येक गोळ्यांमध्ये ॲसिड कमी करणाऱ्या औषधाबरोबर डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. या औषधांनी प्रोलॅक्टिन वाढतं. प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं संप्रेरक. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत नाव असतं. मुलीची ती गोळी बंद केली आणि काही आठवड्यांत दूध थांबलं. मनाच्या आजारावरच्या काही औषधांनीही असंच होतं. ती मात्र आपल्या मनानं बंद करायची नाहीत. डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची.

थायरॉइड कमी झालं तरी दूध येऊ शकतं. आणि मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युइटरी ग्रंथी असते, तिच्यावर लहानशी गाठ आली तरी प्रोलॅक्टिन वाढतं. ही गाठ बहुधा कॅन्सरची नसते आणि पुष्कळदा नुसत्या गोळ्यांनी आटोक्यात येते. पण तोवर काय होतं? पाळी लांबते किंवा बंद होते, दिवस राहत नाहीत. कधी डोकं दुखतं, बाजूचं कमी दिसायला लागतं. घरचे म्हणतात, वांझ आहे, दुसरं लग्न करा. मूल होत नाही म्हणून जिला छळतात आणि जी लाजेनं छातीतलं दूध लपवते, तिच्या दोन्ही दुखण्यांचं कारण एकच असू शकतं. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळतं. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बाईला आपल्या कार्यकर्तीनं हा एक प्रश्न जरूर विचारावा.

आता माझं सांगते. चार प्रश्नांत मी कुठं बसत होते? आपोआप, एकीकडून, एकाच छिद्रातून, रक्त. चारही जुळत होतं. सातव्या महिन्यात एका मैत्रिणीकडे मुक्कामाला होते. तिनं माझे कपडे धुतले आणि विचारलं, “हे काय आहे?” मला खोटं बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच मला घेऊन गेली. सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली. नळीच्या आत चामखिळीसारखी लहान वाढ निघाली. अशा रक्ताचं हेच सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे. तेवढी नळी काढली. तपासणीत कॅन्सर नव्हता. मी वाचले, पण त्यात माझं शहाणपण काही नव्हतं. सात महिने लपवलेला डाग साधा निघाला, एवढंच.

गोष्ट इथं संपली असती तर मी आज ती सांगितलीही नसती.

घरी आले. मोठ्या जाऊबाई माझी उस्तवार करत होत्या. पट्टी बघून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. त्या गप्प बसल्या. मग उठल्या, दार लोटलं आणि पोलक्याची बटणं सोडली. म्हणाल्या, “बघ बरं, माझं हे काय आहे?” त्यांचं उजवं बोंड लाल, ओलसर, खपल्या धरलेलं, झिजून सपाट झालेलं होतं. दीड वर्षापासून खाज येत होती. गजकर्ण समजून मेडिकलमधून आणलेलं मलम लावत होत्या. मलमानं चार दिवस बरं वाटे, पुन्हा तेच. एका घरात, एकाच मोरीत आंघोळ करणाऱ्या आम्ही दोघी. मी रुमालाची घडी लपवत होते, त्या मलमाची ट्यूब लपवत होत्या!

त्यांना पॅजेटचा आजार होता. जेम्स पॅजेट या इंग्रज डॉक्टरनं १८७४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. दिसायला इसबासारखा, पण हा कॅन्सरचा एक प्रकार आहे आणि बहुतेक वेळा आत स्तनातही कॅन्सर असतो. फरक कसा ओळखायचा? साधं इसब पुष्कळदा दोन्हीकडे असतं, काळ्या भागावर पसरतं, मलमानं बरं होतं. हा आजार एकाच बाजूला, बोंडावरच सुरू होतो आणि मग बाहेर पसरतो. म्हणून एकाच बोंडावरचं पुरळ, खाज, खपली दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर मलमं बदलत बसायचं नाही, तपासून घ्यायचं. दुकानातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं, त्यानं वरवर बरं दिसतं आणि वेळ निघून जातो.

जाऊबाईंच्या काखेतल्या गाठींपर्यंत तो पोचला होता. ऑपरेशन झालं, औषधं झाली. त्या सहा वर्षं जगल्या. शेत केलं, नातवंडं खेळवली. २०१७ मध्ये गेल्या. दीड वर्ष आधी दाखवलं असतं तर आज असत्या का, हे मला सांगता येणार नाही. पण मी माझ्या पहिल्याच डागाबद्दल त्यांच्याशी बोलले असते, तर त्यांनी बटणं सात महिने आधी सोडली असती, हे मला पक्कं माहीत आहे.

तेव्हा कधी जायचं, ते एकदा नीट ऐका. ताप आणि लाल, गरम छाती असेल तर त्याच दिवशी. रक्ताचा किंवा पाण्यासारखा स्राव, एकीकडून आपोआप येणारा कोणताही स्राव, नव्यानं आत गेलेलं बोंड, छातीत किंवा काखेत गाठ, कातडीला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा, यासाठी आठवड्याभरात. पाळी गेलेल्या बाईला नव्यानं कोणताही स्राव आला तरीही. बोंडाशेजारी न भरणारी, पू वाहणारी जखम असेल तरीही. तो क्षयही असू शकतो, त्यावर पूर्ण इलाज आहे. घरातल्या पुरुषाच्या बोंडातून काही येत असेल तर त्यालाही पाठवा, पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो. आणि दुखत नाही म्हणून थांबू नका. हा आजार सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

जायचं कुणाकडे? ‘छातीचा डॉक्टर’ म्हटलं की लोक दमा-टीबीच्या डॉक्टरचा पत्ता देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे आधी जा, आणि स्तनाच्या तपासणीसाठी सर्जनकडे चिठ्ठी मागा. कपड्यावरचा डाग सोबत न्या. किती दिवस, कोणत्या बाजूनं, कोणता रंग, पाळी कधी आली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते कागदावर लिहून न्या. डॉक्टर पुरुष असले तर तपासताना नर्स किंवा आपली मैत्रीण जवळ असावी, हा आपला हक्क आहे. आणि हात न लावता, न बघता कुणी ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणालं, तर तिथून उठायचं नाही. “तपासून सांगा” म्हणायचं.

बायकांच्या हातांनी काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तन तपासले, चार वेळा. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या बायकांचा कॅन्सर अलीकडच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण मोठं यंत्र नसताना, शिकवलेल्या हातांनी हे झालं, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे.

आज आशाताई घरोघरी तिशीपुढच्या लोकांचा फॉर्म भरतात. त्यात बायकांसाठी प्रश्न आहे, स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येतो का? चांगला प्रश्न आहे. पण तो कुठं विचारला जातो? ओट्यावर, सासऱ्यांच्या समोर, दीर चहा पीत असताना. उत्तर काय येणार? “नाही.” आणि ‘नाही’वर खूण होते. इथं बसलेल्या आशाताईंना माझी विनंती आहे, तेवढा प्रश्न चुलीपाशी, न्हाणीपाशी, बाईला एकटीला गाठून विचारा. आणि आपण बाकीच्या जणी? दर बैठकीत पाच मिनिटं या विषयाला देऊ. एकीनं सांगितलं की दुसरी सांगते. आमच्या घरात तसंच झालं, फक्त उशिरा झालं.

शिबिरात विचारलेले काही प्रश्न

दर महिन्याला बोंड पिळून बघायचं का?
– नाही. पिळल्यानंच स्राव सुरू होतो आणि वाढतो. आंघोळीच्या वेळी छाती बघा, हातानं चाचपा, आपली नेहमीची छाती कशी आहे ते ओळखून ठेवा. कपड्यावर डाग आहे का ते बघा. तेवढं पुरे.

सुई लावून तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं म्हणतात. खरं का?
– खरं नाही. तुकडा तपासल्याशिवाय आजार कोणता ते कळत नाही, आणि चुकीचे उपचार होतात. या भीतीनं वेळ गेला तर मात्र आजार पसरतो.

कॅन्सर निघाला तर पैसे कुठून आणायचे?
– महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. दागिने मोडण्याआधी तिथं जा, आणि एकटी जाऊ नका. गटातल्या दोघी बरोबर घ्या.

माझ्या सासूबाई दाखवायला तयारच नाहीत. काय करू?
– त्यांना उपदेश करू नका. आधी तुमचं काही असेल ते त्यांना सांगा.